पाच फुटी भट्टी

महिपतला काहीही विचारा, तो 'हाव' म्हणायचा, म्हणजे हो. चहा घेतोस का? हाव. की नको? हाव. आदिलाबादला येतोस का सोबत? हाव. आणि मी चपला घालून बाहेर आलो की हा आपला दुकानाच्या उंबऱ्यावर तसाच बसलेला. त्याची बायको रूपा गेल्यापासून त्याच्या तोंडात हा एकच शब्द उरला होता. समोरच्याला लवकर वाटेला लावायला तो बरा पडायचा.

मी रामाजी. विजेच्या खात्यातून लाइन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. तलमडुगूकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे आणि महिपतचं वेल्डिंगचं दुकान बरोबर माझ्या घरासमोर आहे. दुकान म्हणजे काय, घराच्या पुढं उतरवलेली पत्र्याची शेड. त्याची मुलगी वृषाली निर्मलला पॉलिटेक्निकला गेल्यापासून त्या शेडला गॅरेज म्हणते. त्यात आजपर्यंत एकही गाडी उभी राहिलेली मी पाहिली नाही. पण पोरगी शिकते आहे, म्हणू दे. माझी बायको चंद्रभागा म्हणते, तुमी रिटायर झाले पण जिभेचा करंट काही उतरला नाही. नसेल उतरला. मला सरळ बोलता येतं, गोड बोलणं कुणी शिकवलं नाही.

तर महिपत लोखंड जोडायचा आणि रूपा रंगवायची, असा त्यांचा संसार होता. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, गोठ्याचे दरवाजे. तो वेल्डिंग करून घासून द्यायचा, मग ही पदर खोचून आधी लाल प्रायमर मारायची, त्यावर ऑइल पेंटचे दोन हात. अंगानं ठेंगणी, रंगानं सावळी, आणि तोंड माझ्याच जातीचं म्हणजे न थांबणारं. ब्रशवरचा हात मात्र असा साफ की आदिलाबादहून लोक फाटक न्यायला यायचे. खोट एकच होती. तिला ओला रंग बघवत नसे. रंग देऊन तास झाला न झाला की ती जायची आणि कडीपाशी अंगठा टेकवून बघायची. रंग ओलाच असायचा. अंगठा उठायचा. आमच्या गावात आणि आजूबाजूच्या चार खेड्यांत महिपतचं फाटक कुठलं हे ओळखायचं असेल तर कडीजवळ बघायचं. तिथं रूपाचा अंगठा असतोच.

माझ्या फाटकावरही आहे. मी तेव्हा रागावलो होतो. म्हटलं, "रूपा, सातवी शिकलेली बाई तू, अंगठा काऊन उठवतं? सही कर ना." ती खोखो हसत सुटली. "दादा, वाळला का पाह्यलं मी." महिपत आतून ओरडला, "हिचे हात बांधून ठेवतो एक दिवस!" मग तो ब्रश घेऊन आला, ती खूण पुसून गेला. संध्याकाळी बघतो तर पुन्हा अंगठा.

महिपतच्या फाटकांना गावात नावं ठेवायला आणखी एक जागा होती. त्याची फाटकं बुटकी असायची. पाच फूट, त्याच्या वर एक बोट नाही. महिपतच्या फाटकावरून शेळी उडी मारते असं लोक म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा आणि पुढचं फाटकही पाच फुटांचंच करायचा. मला वाटायचं, पाइप वाचवतो लेकाचा.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला रूपाला ताप आला. साधा ताप होता. दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी आदिलाबादच्या दवाखान्यात नेली, चौथ्या दिवशी परत आणली ती पांढऱ्या कपड्यात. महिपत रडला नाही. माती देऊन आला, हात धुतले, दुकानासमोर बसला. मी बाजूला बसलो. मला वाटलं आता फुटेल, मग फुटेल. त्यानं विचारलं, "दादा, करंट कधी येते?" त्या दिवशी दुपारपासून लाइन गेलेली होती. मला त्याचा रागच आला तेव्हा. माणसानं बायकोसाठी रडावं तरी.

त्यानंतर त्याचं सगळं चालू होतं आणि काहीच चालू नव्हतं. सकाळी उठायचा, शेड उघडायचा, वेल्डिंग करायचा. टाका पूर्वीसारखाच सुरेख पडायचा. पण जोडून झालेलं फाटक भिंतीला टेकवून ठेवलं की काम तिथं थांबायचं. पुढं रंग, आणि रंगाचं माणूस नाही. मी तलमडुगूहून एक पेंटर धरून आणला. त्यानं ब्रश हातात घेतला तसा महिपत उठला, त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि रॉकेलच्या डब्यात उभा करून ठेवला. भांडला नाही, चिडला नाही. पेंटरला म्हणाला, "चहा पिऊन जा." पेंटर चहा पिऊन गेला. फाटकं भिंतीशी उभ्या उभ्या गंजली. गिऱ्हाइकांनी काही दिवस वाट पाहिली, मग कच्ची फाटकं उचलून नेली, मग येणंच बंद केलं.

या उन्हाळ्यात भैंशाच्या एका जिनिंग मिलमधून माणूस आला. मिलला फिटर हवा होता, राहायला खोलीही देणार होते. महिपत म्हणाला, हाव. माणूस खूश. त्यानं सांगितलं, कापसाचा हंगाम दसऱ्यापासून सुरू होते, खंडेनवमीला संध्याकाळी फोन करतो, तेव्हा पक्कं सांगा. महिपत पुन्हा म्हणाला, हाव. घर बंद होणार, शेड बियाणं-खतवाल्याला भाड्यानं जाणार, हे गावानं धरूनच टाकलं.

वृषाली सुट्टीत आली ती तडक माझ्याकडे. डोळे लाल. "काका, बाबा भैंशाला गेले तर मी कुठं येऊ? सुट्टी लागली की पोरी आपापल्या घरी जातात. मी मिलच्या खोलीत जाऊ का? आई तर गेलीच, आता घरही जाऊन राह्यलं."

"तुझ्या बापाले सांग."

"सांगितलं. हाव म्हणाले."

मला हसू आलं. तिनं मग फोन काढला आणि मला दाखवू लागली. निर्मलला तिच्या हॉस्टेलच्या मागं एक कारखाना होता, तिथं लोखंडाला पावडर मारतात. पिठासारखी कोरडी रंगाची पावडर. बंदुकीतून विजेचा झटका देऊन उडवायची, लोखंडाला अर्थिंग द्यायचं, की पावडर आपोआप जाऊन चिकटते. मग ते लोखंड भट्टीत भाजायचं. पावडर वितळते, पसरते, थंड झाली की पक्की. ब्रश नाही, ओलं काही नाही, वाळायची वाट बघणं नाही. घरच्या घरी छोट्या जागेत करणारे लोकही आहेत, असं ती म्हणाली.

"ब्रश नाही," ती पुन्हा म्हणाली. "बाबांना दुसऱ्याच्या हातात ब्रश बघवत नाही ना, काका. मग ब्रशच नको."

पोरगी बापापेक्षा शहाणी निघाली. आणि अर्थिंग म्हटल्यावर मी घरात कसा बसणार?

आधी ती म्हणाली, लहानशानं सुरुवात करू, भंगारातला एखादा केक भाजायचा ओव्हन घेऊ. मी विचारलं, त्यात काय भाजशील, बिजागरी? आणि एकदा त्यात पावडर भाजली की पुन्हा त्यात खायचं काही करायचं नाही, हे तुझ्या आजीला कोण समजावेल, ती त्यात शेंगदाणे टाकेल. मग निघाले दिवे. लाल उष्णतेचे मोठे दिवे, फाटकापुढं हातानं सरकवत न्यायचे. त्यात एक कोपरा करपतो आणि दुसरा कच्चा राहतो. गॅसवरची भट्टी स्वस्त पडते, पण हवेत पावडर उडत असताना जवळ ज्वाळा म्हणजे शेडसकट वर जायची तयारी. शेवटी ठरलं की विजेचीच भट्टी हवी, आणि ती विकत घेण्यापेक्षा महिपतनं स्वतः बांधायची. पत्र्याच्या दोन भिंती, मध्ये उष्णता अडवणारा कापसासारखा लोकरी थर, आत हीटर आणि पंखा. पत्रा वाकवणं त्याच्या हातचा मळ. बंदूक, हीटर, तापमानाचं बटण एवढं निर्मलहून आणायचं.

आम्ही तिघं बसनं निर्मलला गेलो. त्या कारखान्याचा मालक अनुप तरुण, गोरापान, हिंदीत बोलणारा. त्याला महिपत फारच आवडला. का नाही आवडणार? त्यानं महागातली बंदूक दाखवली, महिपत म्हणाला, हाव. त्यानं त्याहून महागातली दाखवली, हाव. भलामोठा कॉम्प्रेसर दाखवला, हाव. सगळा कारखाना बांधून दिला असता तरी यानं हाव म्हणून डोक्यावर उचलला असता. मी मध्ये पडलो. "याच्याकडं कॉम्प्रेसर आहे. हवेतलं पाणी धरून ठेवायची फक्त बाटली दे. पावसाळ्यात हवा ओली आली की पावडरीचे गोळे होतात, माहीत आहे मला." माहीत कुठलं, वृषालीनं बसमध्ये सांगितलं होतं. पण ठणकावून बोललं की खपतं.

बंदूक मधली घेतली. मग भट्टीच्या मापाची गोष्ट निघाली. अनुपनं कागदावर चौकोन काढला.

"चाचा, ऊँचाई सात फुट रखो. आजकल गेट सब छह-साढ़े छह के बनते हैं. छोटी भट्टी बनाओगे तो पछताओगे. एक बार का काम है."

बरोबर बोलत होता. मीही मान डोलावली. महिपतनं कागदाकडं पाहिलं.

"नहीं," तो म्हणाला. "पाँच फुट."

मला आधी ऐकू आलं ते खरं वाटेना. वर्षभरात या माणसाच्या तोंडून पहिला नकार, आणि तो इथं! अनुपनं समजावलं, वृषालीनं समजावलं, मी तर आवाजच चढवला. म्हटलं, हीटर चार जास्त लागतील, लागू दे, लोड मी मंजूर करून आणतो, ऑफिसात अजून माझी ओळख आहे. महिपत ऐकत राहिला, आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "पाच फुटाचं फाटक आत जाईल एवढी. जास्त नाही."

परतीच्या बसमध्ये मी त्याला सोडला नाही. "डोकं आहे का जाग्यावर? सगळ्या दुनियेले हाव, अन् जिथं हाव म्हणायचं तिथं नाही! सहा फुटाचं गिऱ्हाईक आलं तर काय सांगशीन? बसून भाजतो म्हणून?" तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर कापूस गुडघ्याएवढा झालेला. वृषालीनं माझ्या हाताला हात लावला तेव्हा मी थांबलो.

राग पोटात घेऊनच मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई जयवंताबाई सुपात ज्वारी पाखडत होती. म्हातारीचा जोर सगळा हातात उरलेला, कानात फारसा नाही. मी मोठ्यानं सांगितलं, "बाई, तुमच्या पोराले समजवा. पाच फुटाचीच भट्टी म्हणते. आता कोणाच्या घरी पाच फुटाचं फाटक रायते?"

तिनं सूप खाली ठेवलं. "भाऊ, तिचा हात तितकाच पोचे ना."

"कोणाचा?"

"रूपाचा. लगन झाल्या सालीच स्टुलावरून पडली रंगवता रंगवता. पोटाशी होती. ते लेकरू गेलं. तवापासून हा पाचाच्या वर फाटकच करत नाही. म्हणे, हिले चढायचं काम पडू नाही."

वीस वर्षं मी त्या माणसाला पाइप वाचवणारा कंजूष समजत होतो. मला फार वाईट वाटलं. महिपत बाहेर शेडमध्ये पत्र्यावर खडूनं खुणा करत होता. मी त्याच्या बाजूनं गेलो, काहीतरी बोलावं म्हणून उभा राहिलो, आणि म्हणालो, "अर्थिंगचा खड्डा मागं खोदू. पुढं पाणी साचते."

"हाव," तो म्हणाला.

भट्टी त्यानं महिन्याभरात उभी केली. वृषाली सुट्टी मिळेल तशी निर्मलहून यायची. मी थ्री फेजचा लोड करून आणला, खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून अर्थिंग घेतलं, आणि अर्थातच सगळ्यांवर ओरडत होतो. महिपत सांगेल ते करायचा, न सांगितलेलंही करायचा. काम असं नेटकं की दार लावलं तर कागद सरकणार नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दार पहिल्यांदा बसलं तेव्हा वृषालीनं टाळ्या वाजवल्या, यानं पान्हा उचलून जागेवर ठेवला. भंगारातल्या बिजागऱ्यांवर पावडर मारून बघितली. पहिली जाड बसून संत्र्याच्या सालीसारखी झाली, दुसरीला तेलाचा हात लागला होता तिथं फोड आले. तो बघायचा, डब्यात टाकायचा, पुढची टांगायचा. मी चंद्रभागेला म्हणालो, यंत्र झालं, पण माणूसही यंत्रच राहिला. मिलचा फोन आला की हाव म्हणून मोकळा होईल.

"मग तुमी काय करता?" ती म्हणाली.

"मी काय करू? फाटक करून घेतो त्याच्याकडून." माझा मुलगा हर्षदीप आदिलाबादला घर बांधत होता. त्याच्या दारासाठी मी दोन पल्ल्यांचं फाटक सांगितलं. हर्षदीप म्हणाला होता, बाबा, सहा फुटांचं सांगा. मी पाच सांगितलं. बापाच्या पैशाचं फाटक, पोरानं वाकून बघावं.

खंडेनवमीला सकाळी पहिलं काम काढायचं ठरलं. वृषालीनं पल्ले घासून, धुऊन, पुसून लख्ख केले होते. बोट लावू नका असं दहा वेळा बजावलं होतं, कारण बोटाचं तेलसुद्धा पावडरीला चालत नाही. पल्ला हुकाला टांगला आणि आम्ही तार जोडायला मागं गेलो. परत येऊन बघतो तर जयवंताबाई! नवं हत्यार, नवं काम, आणि पूजा नाही? भट्टीला हार, बंदुकीला हळद-कुंकू, आणि त्या लख्ख पल्ल्यावर तेलात कालवलेल्या हळदीची पाच बोटं. वर नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलेलं.

"आजी!" वृषाली मटकन खालीच बसली.

"काऊन? लोखंडाले पूजत नाहीत का खंडेनवमीले?"

मी नारळ फोडणाऱ्यातला नाही, खाणाऱ्यातला आहे. दुसऱ्या दिवशी आम्हाला विहारात जायचं होतं, चंद्रभागा घरी पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. पण म्हातारीचा चेहरा बघून मी म्हणालो, "पूजा झाली, आता देवानं हात पुसू द्यावा." पोरीनं थिनर घेतलं आणि पल्ला पुन्हा पहिल्यापासून पुसला. महिपत तोंडाला मास्क लावून बंदूक धरून उभा होता. मधल्या त्या गोंधळात तो हलला नाही.

मग त्यानं पावडर मारली. रंग वृषालीनं निवडला होता, मोरपंखी. त्याला विचारलं तेव्हा हाव म्हणाला होता. बंदुकीतून धुरासारखी ती पावडर निघायची आणि पाइपाला जाऊन बिलगायची. समोरून मारली तर मागच्या बाजूलाही वळून बसायची. मी आयुष्य विजेत काढलं, पण वीज असं मायेनं काम करताना पहिल्यांदा पाहिली. त्यानं पल्ला भट्टीत सरकवला, दार लावलं. आम्ही बाहेर बसलो, खोबरं खाल्लं. तो भट्टीशेजारी तापमानाच्या काट्याकडं बघत उभा होता.

पल्ला बाहेर आला तसे आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा झालो. ब्रशची रेघ नाही, ओघळ नाही, कुठं जाड नाही, कुठं विरळ नाही. शहरातल्या दुकानातल्या कपाटासारखा सपाट, चकचकीत. वृषालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, बघा ना! बघा!" मीही म्हणालो, शाब्बास. खरं सांगायचं तर मला तो पल्ला परका वाटला. माझ्या दारातल्या फाटकाला ब्रशच्या रेघा आहेत. रोज सकाळी कडी काढताना त्या हाताला लागतात.

महिपतनं हातमोजे काढले. हळूहळू पल्ल्याजवळ गेला. मला वाटलं टाके बघतोय. तो कडीपाशी थोडा वाकला, रूपा वाकायची तसा, आणि अंगठा टेकवला.

नुकतंच भट्टीतून निघालेलं लोखंड. भाकरीचा तवा त्याच्यापुढं गार म्हणायचा.

तो असा ओरडला की माझ्या घरातून चंद्रभागा इस्त्री टाकून धावत आली. "आई गं!" तो ओरडत होता, वर्षभराचं एकदम. जयवंताबाईलाही ते ऐकू गेलं. कुणी टूथपेस्ट म्हणालं, कुणी शाई. मी सगळ्यांना हाकललं आणि त्याचा हात बादलीतल्या पाण्यात दाबून धरला. तो खाली बसला आणि रडायला लागला. लहान पोरासारखा, नाक वाहत, आवाज काढून. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. वृषाली त्याच्या दुसऱ्या हाताला बिलगली आणि तीही रडायला लागली. मी पाण्यातला हात सोडला नाही, आणि माझं तोंड मी रस्त्याकडं वळवलं होतं ते कुणी बघू नये म्हणून.

"काऊन लावला बाप्पा अंगठा?" म्हातारी विचारत होती. "गरम आहे समजत नाही तुले?"

"वाळला का पाह्यत होतो," तो म्हणाला. "वाळला का पाह्यत होतो ना, माय." आणि पुन्हा रडायला लागला.

दिवसभर तो थांबून थांबून रडला. जेवताना रडला, हात बांधताना रडला. दुसरा पल्ला आम्ही भाजला नाही. पहिल्या पल्ल्यावर कडीपाशी अंगठ्याची मळकट खूण बसली होती, रंग थोडा ओढला गेलेला, कातडी चिकटून करपलेली. वृषाली म्हणाली, "काका, हा पल्ला मी घासून पुन्हा भाजते. तुमच्या नव्या घराचं फाटक आहे."

"नाही," महिपत म्हणाला.

संध्याकाळी त्याचा फोन वाजला. भैंशाचा होता. त्याचा उजवा हात फडक्यात आणि डाव्या हातात चहाची बशी, म्हणून वृषालीनं फोन त्याच्या कानाशी धरला. मिलचा माणूस मोठ्यानं बोलत होता, मला समोर बसून सगळं ऐकू येत होतं. उद्या हंगाम सुरू होऊन राह्यला, खोली झाडून ठेवली, येता ना?

महिपतनं चहाचा घोट गिळला. "नाही," तो म्हणाला. "माह्याकडं काम आहे. पाच फुटाची फाटकं करतो मी."

वृषालीनं फोन बंद केला आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं. महिपत माझ्याकडं बघत होता. वर्षभरानं त्या डोळ्यांतून कुणीतरी माझ्याकडं बघतंय असं मला वाटलं.

"दादा," तो म्हणाला, "तुमच्या फाटकाले अंगठा लागला."

"लागू दे," मी म्हणालो. "पहिल्यालेही आहे."